सागर, सरोवर आणि सुके बोंबील

सुका बोंबील हा मुळात अत्यंत निरुपद्रवी प्राणी आहे. मेलेला असतो, वाळलेला असतो, कुणाच्या अध्यात नसतो की मध्यात. आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावर तो बांबूच्या मांडवावर लटकून निमूटपणे ऊन खातो आणि पावसाळाभर लोकांच्या ताटात हजेरी लावतो. त्यानं कधी कुणाची मैत्री धोक्यात आणल्याचं माझ्या वाचनात नाही. (आणि माझं वाचन बरं आहे. डहाणूच्या मानानं तर फारच बरं आहे, असं मीच अधूनमधून म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.) त्याचं पथ्य एकच. त्याला शाकाहारी माणसाच्या नव्या गाडीत बसवायचं नसतं.

ही नवी गाडी हसमुखभाईंची. हसमुखभाईंचं बाजारात नळ, खिळे आणि पत्र्यांचं दुकान आहे. आमच्या घरचा एक नळ बरीच वर्षं गळत होता, त्यातून आमची ओळख झाली. नळ अजून गळतोच, पण मैत्री पक्की बसली. घर कट्टर वैष्णव. त्या घरात कांदासुद्धा शिरताना इकडेतिकडे बघून शिरतो.

गाडी त्यांनी स्वतःसाठी घेतली नव्हती, आईसाठी घेतली होती. बा घरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड सांधलं. डॉक्टर म्हणाले, आता हिंडाफिरा. बा मात्र दुकानामागच्या खोलीतून बाहेर पडायलाच तयार होईनात. समुद्र त्यांच्या घरापासून जेमतेम रिक्षाभर अंतरावर, पण दोन-अडीच वर्षांत त्यांनी तो पाहिला नव्हता. "रिक्षात माझी हाडं वेगवेगळी उतरतील," असं त्या म्हणत. म्हणून हसमुखभाईंनी उंच दाराची, ऐसपैस गाडी घेतली. महिनाभर आर्जवं केल्यावर बा एकदाच म्हणाल्या, "ठीक आहे, रविवारी सांजे येईन. दरिया बघीन. पण त्या दिवशी काही वाकडं झालं तर हसु, परत मला विचारायचं नाही."

बांना ओळखणाऱ्या कुणालाही हे शेवटचं वाक्य पोकळ वाटलं नसतं. त्यांनी एकदा चहा सोडला तो सोडलाच.

हसमुखभाईंनी ठरवलं की रविवारी सकाळी गाडी स्वतः फिरवून पाहायची, म्हणजे संध्याकाळी बांना धक्का लागणार नाही. एवढं साधं काम. पण साधं काम साधेपणानं करणं आमच्या हसमुखभाईंना जमत नाही. शनिवारी त्यांनी मला आणि देवरामला मोबाइलवर कार्यक्रमपत्रिका पाठवली. वर गणपती, खाली दोन्ही बाजूंना कलश, आणि मजकूर असा: "प्रथम सागरदर्शन (नरपड). तत्पश्चात सरोवरदर्शन (धरण). तत्पश्चात गिरिदर्शन व भोजन (झरी, देवरामसरांचे घरी). सायंकाळी मातृदर्शन."

देवराम आमच्या शाळेत गणित शिकवतो. गाव तलासरी तालुक्यातलं झरी. आठवडाभर डहाणूत खोली करून राहतो आणि रविवारी आईकडे जातो. पत्रिका वाचून त्यानं मला फोन केला. "सर, आमच्या घरी जायला गिरिदर्शन म्हणतात होय? मी आजवर नुसताच जात होतो."

थाटामाटावर माझा विश्वास नाही, हे इथं सांगून ठेवतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना शाल देताना मी खिडकीबाहेर बघतो. त्यामुळे रविवारी सकाळी गाडी दारात आली तेव्हा मी पायरीवरच थबकलो. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर झेंडूचा माझ्या दंडाएवढा जाड हार, स्टिअरिंगला लाल दोरा, पुढे लिंबूमिरची, छोटा गणपती आणि उदबत्ती. आतल्या सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच.

"हसमुखभाई, हे इंजिन आहे. चार चाकांवरचं. देव्हारा नव्हे."

"मास्तर, तुम्ही वाचलेलं एकदम बराबर. चपला काढा."

"काय?"

"चपला काढून बसायचं. बा बसायच्या आधी धूळ नको."

मी मानववंशशास्त्रावर चार वाक्यं बोललो आणि चपला काढल्या. त्या एका पिशवीत घालून डिकीत गेल्या.

आता बोंबील. माझ्या बायकोचं, सुनंदाचं, माहेर नरपडचं. आमच्या भागात जुनी रीत अशी की किनाऱ्याकडचा माणूस पूर्वेकडे डोंगरात कुणाच्या घरी गेला तर सुकी मासळी घेऊन जातो आणि परतताना तिकडचं काहीतरी आणतो, तांदूळ म्हणा, तुरीच्या शेंगा म्हणा. सुनंदाला कार्यक्रमपत्रिका दाखवली तेव्हा तिला त्यातला एकच शब्द दिसला होता, झरी. मी निघालो तर तिच्या हातात गाठोडं.

"हे देवरामभाऊंच्या आईला. बोंबील आहेत, आणि वेगळ्या पुडीत जवळा."

"अगं, हसमुखभाईंच्या गाडीत?"

"मग? पूर्वेला रिकाम्या हातानं जायचं नसतं."

"ते वैष्णव आहेत!"

"त्यांना कोण देतंय? आणि वास येणार नाही असं बांधा. एवढं वाचता तुम्ही."

हे शेवटचं वाक्य तिनं टाकलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं. मी ते गाठोडं वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग जुन्या टॉवेलात, मग आणखी एका पिशवीत असं बांधलं की इजिप्तच्या राजांना हेवा वाटावा. आणि हसमुखभाई हार सारखा करत असताना पुढच्या, म्हणजे माझ्याच, सीटखाली सरकवलं. त्यांना सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण माझा माझ्या गाठीवर विश्वास होता.

नरपडपर्यंत सगळं स्वर्गीय होतं. थंडीचे दिवस, सुरूच्या झाडांतून झिरपणारं ऊन, ओहोटीचा लांबवर गेलेला समुद्र. किनाऱ्यावर मांडवच्या मांडव बोंबलांनी भरलेले. हसमुखभाईंनी नाकाला रुमाल लावून समुद्राला नमस्कार केला, संध्याकाळी गाडी कुठं उभी करायची ती जागा पाहिली, बांची खुर्ची कुठं ठेवायची ते पाहिलं, वाळू पायानं दाबून पाहिली. "इथनं बाला समोर सगळं दिसेल ना, मास्तर?" त्यांनी मला ते पुन्हा पुन्हा विचारलं. मी दर वेळी हो म्हणालो.

गाडी घोलवडच्या चिकूच्या वाड्यांतून आत वळली, तशी हसमुखभाईंनी हवा हुंगली.

"अजून वास येतो, नाही?"

"खारे वारे," मी ताबडतोब म्हणालो. "दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. लांबपर्यंत जातात."

"हां, बराबर."

हायवे लागला. समुद्र मागे कुठल्या कुठे राहिला होता.

"मास्तर, वारे इथपर्यंत?"

"नाही, हा वेगळा. एखादी कंपनी असेल जवळ. रसायनांचा."

मागच्या सीटवरून देवराम म्हणाला, "हो, कंपनीचाच." तो एवढ्या तत्परतेनं का बोलला, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटायला हवं होतं. पण खोटं बोलणाऱ्याला साक्षीदार मिळाला की तो चौकशी करत नाही.

धरणावर पोचलो. निळंशार पाणी, पलीकडे डोंगरांच्या रांगा, पाण्यावर बगळे. पिशवीतून चपला काढून आम्ही बांधावर फिरलो. हसमुखभाईंनी सगळ्यांना चपला काढायला लावून सरोवराला नमस्कार केला आणि थेपले काढले. खाता खाता ते म्हणाले, "इथं पण वास आहे."

"तळ्यातली मासळी," मी म्हणालो.

"पण तो गाडीच्या बाजूनं येतो."

"वारा तिकडून इकडे येऊन परत तिकडे जातो," मी म्हणालो. भूगोलाचे आमचे सर हे ऐकायला हयात नाहीत, हे एक बरं आहे.

निघताना देवराम पुढे बसला, कारण आता रस्ता त्यानं दाखवायचा होता. त्याचे पाय लांब. त्यानं सीटखालचा दांडा ओढला आणि सीट दणकन मागे सरकवली. खालून "कर्रर्र" असा आवाज आला, जुनं धोतर फाटावं तसा.

"शुं थयुं?" हसमुखभाई दचकले.

"नवी गाडी आहे," मी म्हणालो. "सगळं अजून घट्ट असतं."

त्यानंतर जो वास सुटला त्याला माझ्याकडे वारा नव्हता, कंपनी नव्हती, तळंही नव्हतं. मी काच खाली केली आणि डोंगर फार सुंदर आहेत असं म्हणालो. देवरामनं त्याच्या बाजूची काच खाली केली आणि आमच्या गावचे डोंगर खरंच सुंदर आहेत असं म्हणाला. हसमुखभाईंनी गाडी कडेला घेतली आणि गणपतीच्या छोट्या मूर्तीपुढे आणखी एक उदबत्ती लावली.

झरीला देवरामच्या अंगणात गाडी थांबली आणि हसमुखभाईंनी डिकी उघडली. पिशवी होती, चपला नव्हत्या. देवरामला वाटलं होतं त्या मी भरल्या, मला वाटलं हसमुखभाईंनी, आणि हसमुखभाईंना वाटलं होतं की एवढं वाचणारा माणूस आपल्या चपला तरी उचलेलच. आमच्या सगळ्यांच्या चपला धरणाच्या बांधावर पाण्याकडे तोंड करून ओळीनं बसल्या होत्या. त्यांचं सरोवरदर्शन अजून चालू होतं.

देवरामची आई ओसरीवर भात पाखडत होती. हार घातलेली गाडी आणि तिच्यातून उतरलेली अनवाणी माणसं पाहून तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि आदरानं विचारलं, "नवस केलाय काय रं?"

"नाय आयस, चपला इसरलो," देवराम म्हणाला.

"सगळेच?"

आम्ही पाय झटकून ओसरीवर चढलो.

हसमुखभाई भिंतीवरची पांढरी चित्रं बघायला आत गेले, तेवढ्यात मी सीटखालून गाठोडं ओढलं. ते हलकं लागलं. बोंबील जागेवर होते, पण जवळ्याची पुडी उसवून रिकामी झाली होती. जवळा म्हणजे वाळलेली बारीक कोलंबी, नखाएवढीसुद्धा नसते. ती आता सीटच्या रुळांत, खाचांत, गालिच्याच्या केसाकेसांत गेली होती. मी तसाच मागच्या दारानं चुलीपाशी गेलो आणि गाठोडं आईच्या हातात दिलं. ती खूश झाली. तेवढ्यात देवराम आला. त्याच्या हातात त्याच्या दप्तरातून काढलेलं दुसरं गाठोडं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"सर, तुम्ही पण?"

"तू कधी घेतलेस?"

"काल बाजारातनं. आयसकडे दर आठवड्याला नेतो ना. मला वाटलं तो वास माझाच आहे."

"मला वाटलं माझाच आहे!"

खोटं बोलताना आम्ही सकाळपासून एकमेकांना किती मनापासून साथ देत होतो, ते आत्ता उलगडलं. एकमेकांवर एवढा विश्वास आम्ही शाळेत दाखवला असता तर निकाल सुधारला असता.

तरी अजून बिंग फुटलं नव्हतं. ते फोडलं पाहुणचारानं. पानं मांडली गेली. आईनं हसमुखभाईंसमोर केळीचं कोवळं पान ठेवलं, त्यावर तांदळाची भाकर आणि वालाची भाजी वाढली आणि त्यांना निर्धास्त वाटावं म्हणून म्हणाली, "शेठ, तुमचं येगळं केलंय बरं. नवं मडकं, येगळी चूल. मास्तरांनी गाडीतनं आणलेली सुकट तिकडं हाये, आन् देवरामची पन तिकडंच हाये. तुमच्या भाकरीला तिचा हात नाय लागला."

हसमुखभाईंचा घास हातात राहिला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग देवरामकडे, मग अंगणातल्या गाडीकडे. मला वाटलं आता भडका उडणार. मी उत्तरंही जुळवायला लागलो होतो: रीत, परंपरा, किनारा आणि डोंगर यांचे पुरातन संबंध. पण ते ओरडले नाहीत. हात धुऊन ओसरीच्या कडेला जाऊन बसले आणि एकच शब्द म्हणाले.

"बा."

मी आयुष्यभर थाटामाटाला हसत आलो. हार, कुंकू, पत्रिका, पिशवीतल्या चपला, सगळं मला पोकळ दिखाऊपणाचं वाटत होतं. त्या ओसरीवर पहिल्यांदा कळलं की हा माणूस नुसता घाबरलेला आहे. आपली आई त्या खोलीतून पुन्हा कधी बाहेर येणारच नाही, ही ती भीती. ती कुणाला सांगायची कशी? म्हणून त्यानं त्या भीतीलाच झेंडूचा हार घातला होता. एवढं साधं वाचता आलं नाही मला.

"हसमुखभाई," मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत वास घालवतो. माझी जबाबदारी."

देवरामनं डोळे मिटून घेतले. त्यानं मला शाळेत जबाबदाऱ्या घेताना पाहिलं होतं.

पण त्याआधी आणखी एक प्रकार झाला. रीतीप्रमाणे किनाऱ्याची भेट पोचली होती, आता डोंगराची परतभेट यायची होती. आई बांबूच्या डालग्यातून एक जिवंत कोंबडा घेऊन आली. तांबडा, तुरेबाज, चिडलेला.

"मास्तरीणबायला द्या. सांगा, बोंबील पोचले."

"नको हो," मी म्हणालो. "आज गाडीत... नको."

"नको? बरं. नेत नसाल तर हितंच कापते. सांजचं जेवून जावा."

ओसरीच्या कडेवरून हसमुखभाई उठले. "नाही!" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "कापू नका! नेतो आपण! गाडीत बसेल तो!"

आणि ज्या गाडीत चपलांना प्रवेश नव्हता, तिचं मागचं दार हसमुखभाईंनी कोंबड्यासाठी स्वतःच्या हातानं उघडलं.

मग मी जबाबदारी पार पाडायला घेतली. कोळसा वास शोषून घेतो, हे मी एका चांगल्या पुस्तकात वाचलं होतं. आईच्या चुलीतले कोळसे घेतले, कुटले आणि पूड गाडीच्या गालिच्यावर सढळ हातानं भुरभुरली. शास्त्र बरोबर होतं. पण त्या पुस्तकाच्या लेखकाच्या गाडीत कोंबडा नसावा. त्यानं ती पूड पाहिली, त्याला ती उकिरड्यासारखी आपली वाटली आणि त्यानं दोन्ही पायांनी ती अशी उकरली की पूड सीटवर गेली, काचांवर गेली, आणि तो पंख फडफडवून उडाला तेव्हा छताच्या मऊ पांढऱ्या कापडावर दोन काळे पंख उमटले. चित्रं भिंतीवरच्या चित्रांच्या तोडीची होती, पण तेव्हा ते कुणी म्हणालं नाही.

"बा पांढरी साडी नेसते," हसमुखभाई हळूच म्हणाले.

"पाण्यानं धुऊ," मी म्हणालो.

"सर, नको," देवराम म्हणाला. "सुकट ओली केली की..."

पण मी तोवर हापशावरून बादली आणली होती. कोळसा गेला. सीट स्वच्छ झाल्या. छतावरचे पंख धूसर झाले. आणि रुळांच्या खाचांत, गालिच्यात, जिथं बोट जात नव्हतं तिथं तिथं तो मूठभर जवळा पाणी पिऊन टवटवीत झाला. वाळवणं म्हणजे समुद्राला नुसतं झोपवणं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याला बादलीभर पाणी घालून उठवलं होतं.

परतीचा प्रवास सगळ्या काचा उघड्या ठेवून झाला; चपलांसाठी धरणाकडे वळायला वेळ उरला नव्हता. देवराम उद्याच्या शाळेसाठी आमच्याबरोबरच परत निघाला होता. कोंबडा त्याच्या मांडीवर होता आणि गाडीतला तो एकटाच माणूस मजेत होता. घोलवडला रस्त्याकडेच्या बायांकडून हसमुखभाईंनी पाटीभर पिकलेले चिकू घेतले आणि जिथं जागा दिसेल तिथं ठेवले. लिंबूमिरचीतलं लिंबू सोडवून गालिच्यावर पिळलं. उरलेल्या सगळ्या उदबत्त्या पेटवल्या. परिणाम असा झाला की समुद्रकिनाऱ्यावर चिकूच्या प्रसादाचा सत्यनारायण चालू असावा, असं वाटू लागलं.

"बाला सांगतो, गाडी बिघडली," हसमुखभाई म्हणाले. "पुढल्या रविवारी..." ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. पुढला रविवार नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि सांगायची सोयही राहिली नाही. गाडी गल्लीत वळली तर दुकानाच्या पायरीवर खुर्ची मांडून बा बसलेल्या. इस्त्रीची पांढरी साडी, हातात काठी, पायात बहुधा ऑपरेशनच्या आधी घेतलेल्या कोऱ्या चपला. शेजारची सगळी दुकानं बाहेर येऊन उभी. त्या किती वेळ तशा बसल्या होत्या ते मागे उभ्या असलेल्या त्यांच्या सूनबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आम्ही उतरलो. देवराम कोंबड्याला घेऊन डिकीच्या आडोशाला गेला. बांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"मास्तर, बाधा राखी छे?"

नवस केलाय का, असं त्या विचारत होत्या. दिवसभरात दुसऱ्यांदा. या खेपेला मला खरोखर हो म्हणावंसं वाटलं.

हसमुखभाईंनी पुढचं दार उघडलं. बा वाकल्या, चपला काढायला लागल्या. "नहीं बा, राहू दे, राहू दे," म्हणून त्यांनी आईला दंडाला धरून अलगद बसवलं. दार लावलं. आम्ही मागे बसलो. कुणी श्वास घेत नव्हतं, अर्धा भीतीनं आणि अर्धा सवयीनं. बांनी पदर नीट केला, समोर पाहिलं आणि नाक वर करून हवा हुंगली. एकदा. परत एकदा.

"हसु."

"हां, बा."

"दरियो आटलो पासे आवी गयो?"

समुद्र एवढा जवळ आला? बाजारातल्या त्या गल्लीत, नळाच्या दुकानासमोर, त्या काचेतून बाहेर शोधत होत्या.

"नहीं बा... ते जरा... उघड्या आहेत ना खिडक्या, मी अजून..."

"बारी बंध कर."

"हां?"

"बंध कर, हसु. वास जती रहेशे."

खिडकी बंद कर, वास निघून जाईल. हसमुखभाईंनी माझ्याकडे आरशातून पाहिलं. मी त्यांच्याकडे. मग त्यांनी सगळ्या काचा वर केल्या, आणि आम्ही चौघं (आणि कोंबडा) नरपडपर्यंत त्या वासात हवाबंद होऊन गेलो.

वाटेत बा बोलत राहिल्या, थोडं गुजराती, थोडं मराठी. लग्न होऊन आल्या तेव्हा घर किनाऱ्यालगत होतं. खिडकीसमोरच मासळीचे मांडव. "डोकं दुखायचं त्या वासानं. रोज भांडायची मी, घर बदला, घर बदला. मग ह्याच्या बापानं बाजारात घर घेतलं." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तर तिथं झोपच येईना मला. पण सांगणार कोणाला? मीच भांडले होते."

नरपडला सूर्य बुडेपर्यंत त्या बसल्या होत्या. शेवटी त्यांनी स्वतःच चपला काढल्या आणि पाय वाळूत टेकवले. त्या किनाऱ्यावर आम्ही सगळेच अनवाणी होतो. मांडवांवरून वारा येत होता. या वेळी तो खरोखरच समुद्राकडून जमिनीकडे वाहत होता.

आता दर रविवारी बा समुद्रावर जातात. कोंबडा आमच्या परसात आहे. त्याला कापायचा विषय काढायचीही सोय नाही, कारण हसमुखभाई रोज सकाळी फिरून येताना त्याची तब्येत विचारायला थांबतात. म्हणजे सुनंदाचे बोंबील गेले, माझ्या चपला गेल्या आणि रस्साही गेला.

महिन्याभरानं, एका शनिवारी, हसमुखभाई मागच्या दारानं आले. इकडेतिकडे पाहिलं, खाकरले.

"मास्तर, एक काम होतं. बा म्हणते, गाडीत आता मजा नाही. वास गेला सगळा."

"मग?"

"भाभींना सांगा ने. थोडे. मूठभर. खायला नाही हां!"

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी हातपाय धुऊन बसतो, मूठभर सुके बोंबील स्वच्छ पांढऱ्या फडक्यात बांधतो, गाठ मारतो, ती उजवीकडे आहे ना ते बघतो, आणि हसमुखभाईंच्या गाडीत बांच्या सीटखाली ठेवून येतो. परवा सुनंदा माझ्याबरोबर बाजारात आली होती. ती दुकानाच्या पायरीवरून हे सगळं बघत राहिली.

"नारळ राहिला वाटतं?" ती म्हणाली.

"हा विधी नाही," मी गंभीरपणे म्हणालो. "ही व्यवस्था आहे. थाटमाट मला मान्य नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मग गाडीत कुणी नसताना चपला बाहेर काढून का चढलात?"

मी खाली पाहिलं. चपला रस्त्यावर, गाडीकडे तोंड करून, शेजारीशेजारी नीट ठेवलेल्या होत्या.